आधी छप्पर, मग वारा

मे महिन्यात रात्री दहा वाजता स्टुलावर चढून छताला खालून तळहात लावून पाहावा. सामरवरणीतलं कुठलंही बैठं घर घ्या किंवा चाळीतली वरच्या मजल्यावरची खोली घ्या, हात तिथे फार वेळ टेकवत नाही. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, बाहेर ओट्यावर बसलं तर बरं वाटत असतं आणि आत स्लॅब मात्र भाकऱ्या उतरवलेल्या तव्यासारखी धगधगत असते. पंखा त्या छताला चिकटलेली तापलेली हवा ओढतो आणि आपल्याच अंगावर टाकतो. मग आपण म्हणतो, पंखा जुना झाला. कूलर येतो. कूलरने अंग आणखीच चिकचिकतं म्हणून हप्त्यावर एसी येतो. त्याच्या पुढच्या महिन्यात विजेचं बिल हातात घेऊन घरातली माणसं एकमेकांकडे बघत बसतात. ही पुस्तिका त्या गरम छताला लावलेल्या तळहातापासून सुरू झाली.

मी मूळची धुळे जिल्ह्यातली. सिव्हिलचा डिप्लोमा केला, लग्न झालं आणि सिल्वासाला लागून असलेल्या ह्या सामरवरणीत आले. यजमान कारखान्यात पाळीवर आणि मी बांधकामांची एस्टिमेट काढायच्या कामावर. आठ-दहा वर्षांनी स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा मी माझ्या आजीचं घर डोळ्यांपुढे ठेवलं. खानदेशातलं धाब्याचं घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचा थर आणि त्यावर पाणी अडवणारी खारी माती, खिडक्या लहान, दरवाजा ठेंगणा. वैशाखात बाहेर झळा चालू असताना आत पाऊल टाकलं की थंड वाटायचं. म्हणून मीही जाड भिंती घेतल्या, खिडक्या लहान ठेवल्या आणि पश्चिमेची बाजू पूर्ण बंद केली.

पहिल्याच पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना वास येऊ लागला. हळद-तिखटाच्या डब्यांच्या झाकणांवर बुरशी धरली. पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले आणि धाकट्या मुलाचा खोकला दिवाळीपर्यंत हटला नाही. मी शिकलेलं चुकीचं नव्हतं. ते दुसऱ्या गावाचं होतं.

खानदेशात हवा कोरडी असते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठं अंतर असतं. जाड भिंत दिवसाचं ऊन आत पोहोचू देत नाही आणि रात्री निरभ्र आकाशाखाली ते सोडून देऊन सकाळी पुन्हा थंड होते. सामरवरणीत वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दमणगंगा जिथे अरबी समुद्राला मिळते ते दमणही इथून लांब नाही. हवेत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाळ्यात रात्रही फारशी उतरत नाही. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर नीट थंड होत नाही. इथे माणसाला जाड भिंतीपेक्षा अंगावरून जाणारा वारा जास्त उपयोगी पडतो. इमारतींच्या भारतीय नियमांत अशा प्रदेशाला उष्ण-दमट म्हणतात आणि त्याचे उपाय उष्ण-कोरड्या प्रदेशापेक्षा वेगळे सांगितलेले आहेत. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. घर बांधताना मात्र आजीचं घर आठवलं.

इथल्या मूळच्या माणसांना हे माहीत होतं. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांची जुनी घरं खानवेलच्या पुढे गेलं की अजून दिसतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत किंवा नळीची कौलं, पुढे खाली उतरलेली पडवी. कूड पातळ असल्यामुळे ऊन साठवून ठेवत नाही, आणि कुडाच्या वरच्या टोकाला छपराखाली जी फट राहते तिच्यातून गरम हवा आपोआप बाहेर पडते. पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोहोचू नये म्हणून वळचण पुरेशी पुढे काढलेली असते. दमट हवेसाठी इतकं नेमकं घर मला कागदावर काढता आलं नसतं.

पण त्या घराचे गोडवे गाण्यासाठी मी लिहीत नाही. त्याच घरात चुलीचा धूर होता, कौलातून गळणारं पाणी होतं, कुडाला लागणारी वाळवी होती आणि दर एक-दोन वर्षांनी करावी लागणारी शाकारणी होती. आमचं हे दादरा आणि नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीजांपासून मुक्त झालं, १९६१ साली भारतात रीतसर सामील झालं, पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि मसाट, आमली, सामरवरणी ह्या भागांत भातशेतीच्या बांधांवर स्लॅबची घरं आणि पत्र्याच्या चाळी उभ्या राहिल्या. लोकांनी पक्कं घर मागितलं ते योग्यच होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या खानवेलकडच्या मावशींना घरकुल मिळालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, “ताई, घर पक्कं झालं, आता गळत नाही. पण चैत्र लागला की आम्ही सगळी मागच्या जुन्या कुडात झोपायला जातो.” प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवलेलं आहे. त्या २५ मीटरांत मावशींना जुन्या कुडातला वारा कसा आणून द्यायचा, एवढा एकच प्रश्न मी ह्या पानांत सोडवायला घेतला आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगाने आलं आहे.

उत्तर छपरापासून सुरू करावं लागतं, आणि त्याचं कारण आकाशात आहे. सामरवरणी साधारण २०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मेच्या आसपास आणि पुन्हा २२ जुलैच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. मधल्या दोन महिन्यांत दुपारचा सूर्य डोक्यावरूनही किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात उभ्या भिंतींपेक्षा आडव्या छपरावर ऊन कितीतरी जास्त पडतं. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट. दहा बाय दहाच्या खोलीचं छत सव्वानऊ चौरस मीटरचं असतं. नऊ इस्त्र्या पूर्ण तापवून गच्चीवर उपड्या ठेवल्या तर काय होईल ते मनाशी आणून पाहा. त्यातला मोठा भाग करड्या, काळवंडलेल्या सिमेंटमध्ये शिरतो. पाच इंची स्लॅब तो दुपारभर पिते आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसते. एसी लावला तर तो पहिले काही तास खोली नव्हे, स्लॅब थंड करण्यात घालवतो.

म्हणून पहिला खर्च गच्चीवर. सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. चुनकळी पिंपात रात्रभर भिजत घालायची, गाळून घ्यायची, चिकटपणासाठी थोडा सरस किंवा बाजारात मिळणारं बाँडिंगचं द्रावण घालायचं आणि स्वच्छ धुतलेल्या, किंचित ओल्या गच्चीवर दोन-तीन हात मारायचे. डोळ्यांवर चष्मा हवाच, भिजणाऱ्या चुन्याचा शिंतोडा डोळ्याला भाजतो. ताजी पांढरी गच्ची निम्म्याहून बरंच जास्त ऊन परत पाठवते. अहमदाबादमध्ये वस्त्यांमधल्या घरांची छपरं अशी पांढरी करण्याचं काम उष्णतेपासून बचावाच्या आराखड्याचा भाग म्हणून झालेलं आहे, आणि तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडे अडचण अशी की पावसाने चुना धुपतो आणि कारखान्यांच्या परिसरातली धूळ बसून पांढरेपणा महिन्या-दोन महिन्यांत मळतो. तेव्हा दर होळीनंतर नवा हात आणि मधून मधून झाडू-पाणी हे धरून चालायचं.

ज्यांच्याकडे थोडे जास्त पैसे आहेत त्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर घ्यावा. मुंबई-गुजरातच्या पट्ट्यात हे काम करणारे कारागीर अजून आहेत. कोब्याचा उतार नीट काढला तर गळती थांबते, विटेचे तुकडे उष्णता अडवतात आणि वरच्या चकचकीत तुकड्यांवरून ऊन परावर्तित होतं. एका कामात तीन गोष्टी साधतात, म्हणून मी ह्या कामाची इतकी भलामण करते. मात्र आधीच जड झालेल्या जुन्या स्लॅबवर कोब्यावर कोबा चढवू नये. जुना काढून मगच नवा घालावा आणि स्लॅबच्या सळया गंजलेल्या नाहीत ना ते जाणकाराकडून पाहून घ्यावं.

छपरानंतर वारा. ह्या बाबतीत आपली फसवणूक आपल्याच खिडक्या करतात. हल्ली सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात. तीन बाय तीनची सरकती खिडकी कागदावर नऊ चौरस फुटांची, पण उघडते फक्त साडेचार, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. जुनी, बिजागरीवर उघडणारी झडपांची खिडकी पूर्णच्या पूर्ण उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात उष्ण-दमट प्रदेशातल्या घरांसाठी उघडणारं क्षेत्र, म्हणजे खिडक्या, झरोके आणि थेट बाहेर उघडणारे दरवाजे मिळून, चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावं असं सांगितलं आहे. सहावा हिस्सा. शंभर चौरस फुटांना साधारण सतरा फूट. एक सरकती खिडकी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी होती, त्यामुळे सामरवरणीतल्या बहुतेक चाळी आणि स्वतंत्र घरं तिच्या कक्षेत येत नाहीत. पण आकडा ध्यानात ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि वाऱ्याला येण्याइतकाच जाण्याचा रस्ता लागतो. समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा नसेल तर कितीही मोठी खिडकी असो, वारा दारातून आत डोकावून परत जातो. मागची भिंत शेजारच्या घराला चिकटलेली असेल तर वर, छताच्या लगत, जाळीचा झरोका काढावा. गरम हवा वर चढतेच, तिला फक्त दार हवं. कुडाच्या वरची ती फट आठवा.

मग एवढ्या खिडक्या असून घरं बंद का? मी पाहत आले आहे की संध्याकाळी सहाच्या सुमाराला, बाहेरची हवा नेमकी थंड होऊ लागते तेव्हा, सामरवरणीतल्या गल्लीगल्लीत खिडक्या धडाधड बंद होतात. डासांमुळे. दिवसभर तापलेलं घर रात्रीच्या थंड हवेला पारखं होतं आणि आत अगरबत्तीची कॉइल पेटते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असं आढळलं. बंद खोलीत, लहान मुलाच्या उशाशी. म्हणून ऊर्जा बचतीच्या साधनांच्या यादीत मी पहिला नंबर मच्छरजाळीला देते, पंख्यालाही नाही आणि एलईडीलाही नाही. जाळीमुळे वारा थोडा अडतो हे खरं, म्हणून जिथे जाळी बसवायची तिथे खिडकी मोठी ठेवावी आणि महिन्यातून एकदा जाळी धुवावी. धुळीने भरलेल्या जाळीतून हवा येत नाही. पण जाळी लावलेली उघडी खिडकी आणि बंद खिडकीत जळणारी कॉइल यांच्यात निवडायचं असेल तर विचार करायचं कारण नाही.

आता ज्या माणसांविषयी घराच्या पुस्तकांत काहीच लिहिलेलं नसतं त्यांच्याविषयी. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत कोणीतरी रात्रपाळीचं आहे. ही माणसं सकाळी घरी येतात, आंघोळ करतात, दोन घास खातात आणि नऊ-दहा वाजता आडवी होतात. ‘रात्री खिडक्या उघडा, दिवसा बंद ठेवा’ हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांची रात्र दुपारी असते. माझे यजमान अनेक वर्षं पत्र्याच्या खोलीत असे झोपले आहेत. साडेअकराला पत्रा कडकड वाजायला लागतो, तापून प्रसरण पावताना तो तसाच वाजतो. बारा वाजता उशी ओली. दोन वाजता माणूस उठून बसलेला, डोळे लाल, संध्याकाळी पुन्हा यंत्रावर उभं राहायचं.

पत्रा आणि स्लॅब यांचा स्वभाव अगदी उलट आहे. पत्रा पातळ, त्यामुळे ऊन पडताच तापतो आणि सूर्य गेला की तासाभरात निवतो. स्लॅब उशिरा तापते आणि रात्रभर निवत नाही. म्हणजे पत्रा दिवसा झोपणाऱ्याला छळतो आणि स्लॅब रात्री झोपणाऱ्याला. एवढं लक्षात आलं तरी घरातली जागा वाटून घेता येते. रात्रपाळीच्या माणसाची झोपायची खोली तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, डोक्यावर दुसरी खोली असलेली असावी. पत्र्याशिवाय पर्याय नसेल तर बाहेरून पांढरा रंग आणि आतून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटयांचं छत, दोन्ही टोकांना हवा खेळेल असं उघडं. थर्मोकोल मात्र लावू नये. तो स्वस्त पडतो आणि उष्णता अडवतोही, पण पेटला तर विझवायला वेळ मिळत नाही आणि त्याचा धूर विषारी असतो. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोकं पाडू नयेत, कोरडे घासू नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. पडदा खिडकीच्या आत लावण्यापेक्षा बाहेर लावावा, कारण ऊन काचेतून आत आलं की पडद्याने ते परत जात नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा फारसा उपयोगी नाही, तिथे सूर्य तिरपा खाली उतरलेला असतो. तिथे बांबूची चीक, जाळीदार विटांची भिंत किंवा एखादं शेवग्याचं झाड लागतं. ह्या पुस्तिकेतलं रात्रपाळीचं प्रकरण सगळ्यात मोठं झालं आहे आणि मी ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

पावसाळ्याकडे वळते. भिंतीला ओल दिसली की आपण रंगारी बोलावतो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वॉटरप्रूफ रंग देतो आणि पुढच्या श्रावणात तोच डाग तिथेच उठतो, थोडा रुंद होऊन. कारण पाणी कुठून आलं हे कोणी विचारलेलंच नसतं. ते गच्चीतून आलेलं असेल, बाहेरच्या गिलाव्याच्या तड्यातून, भिंतीतल्या पाइपातून, जोत्यातून केशाकर्षणाने वर चढलेलं, किंवा घरातच तयार झालेलं: भाताची वाफ, आंघोळीची वाफ, खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. ओळखायची एक सोपी रीत आहे. डाग कोरड्या फडक्याने पुसायचा, त्यावर वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवसांनी पाहायचं. थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर ते खोलीच्या हवेतलं आहे आणि गवंड्याची नाही, खिडकी उघडण्याची आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढण्याची गरज आहे. आमच्या पलंगामागच्या डागाला मी कागद लावला तेव्हा थेंब खोलीकडे होते. रंगावर घातलेले दोन वर्षांचे पैसे वाया गेले होते. बुरशी हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ओल आणि बुरशी यांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मांडलेला आहे. आमच्या मुलाचा खोकला खिडकी मोठी केल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात कमी झाला. त्याचं सगळं श्रेय खिडकीला देण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, पण मी ती खिडकी पुन्हा लहान करणार नाही.

घरातल्या हवेचा विषय निघाला की चूल आलीच. किर्क स्मिथ या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची साधनं अडकवून धूर मोजला होता. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे शहरातल्या कारखान्यांचं, असं मानलं जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं दगावली. वर्ध्याच्या मगनवाडीत फार पूर्वी धुरांड्याची मगन चूल तयार झाली, पुढे सरकारने निर्धूर चुलींची मोहीम काढली, २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर आले. तरीही आंघोळीचं पाणी आणि गुरांचं आंबोण चुलीवरच होतं, आणि ज्यांना दुसरा सिलिंडर परवडत नाही त्यांची भाकरीही. तिथे चूल पडवीत आणणं आणि तिच्यावर धुरांडं बांधणं हे दोन उपाय आजही सगळ्यात खरे आहेत.

आणि गॅस आला म्हणजे धोका संपला असंही नाही. न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर हे माझ्या मते आजच्या शहरी मराठी घरातलं सगळ्यात धोक्याचं यंत्र आहे. बंद, लहान न्हाणीघरात ज्योतीला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. गिझर बाहेर, उघड्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्यावा. ज्यांच्याकडे तो आत आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर पुस्तिका मिटावी आणि प्लंबरला फोन करावा.

यंत्रांविषयी मी थोडक्यात आटोपते, कारण दुकानदार ते सविस्तर सांगतातच. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. पंखा खोली थंड करत नाही, फक्त अंगावरचा घाम वाळवतो, तेव्हा रिकाम्या खोलीत तो बंदच हवा. एसी घ्यायचाच असेल तर गच्चीचं काम झाल्यावर घ्यावा, लहान पुरतो. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात, आणि तिथून वर नेलेल्या प्रत्येक अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. गच्चीवरच्या सौर पॅनेलना २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरवलेलं आहे. एक किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास सावली न पडणारी जागा लागते. वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट, पावसाळ्यात बरीच कमी. पॅनेलखालची गच्ची सावलीत राहते हा फायदा मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आंतरजालावर घरातल्या ऊर्जेविषयी जे काही पाहायला मिळतं त्यातलं बरंचसं थंड देशांतलं आहे. जर्मनीत डार्मश्टाट शहरात १९९०-९१ साली पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं, जाड आवरणाचं, फटी पूर्ण बुजवलेलं, आतली ऊब बाहेर जाऊ न देणारं. ते तिथे उत्तम आहे. पण ‘फटी बुजवा’ हे सूत्र एसी नसलेल्या सामरवरणीच्या घराला लावलं तर श्रावणात भिंतींना मिशा फुटतील. खानदेशातली माझी आजी आणि जर्मनीतले अभियंते, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यांच्याकडून घ्यायचं ते आपल्या आकाशाकडे आणि पावसाकडे पाहण्याची सवय.

एक अवघड गोष्ट शेवटी ठेवली आहे. सामरवरणीतली फार मोठी वस्ती भाडेकरूंची आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, खानदेश, जव्हार-मोखाडा अशा सगळीकडून आलेली माणसं. गच्ची मालकाची आणि बिल भाडेकरूचं. चुन्याचा खर्च एकाने करायचा आणि थंडावा दुसऱ्याला मिळायचा, म्हणून दोघंही काही करत नाहीत. मी काही चाळमालकांशी बोलले. त्यांना आरोग्याच्या गोष्टी सांगून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो गळतीचा हिशोब मांडल्यावर: गच्ची दरवर्षी धुतली, तडे भरले, पांढरी ठेवली तर स्लॅबच्या सळया उशिरा गंजतात, आणि उन्हाळ्यात खोली सोडून जाणारे भाडेकरू टिकतात. आमच्या शेजारच्या चाळीत ठरलं ते असं की चुनकळी आणि सरस मालकाने आणायचा, हात भाडेकरूंनी मारायचे, आणि त्या महिन्याच्या भाड्यातून प्रत्येकाला थोडी सूट द्यायची. लिहून कोणी काही दिलं नाही. बारा खोल्यांची चाळ आहे, वरच्या सहा खोल्यांत चार माणसं रात्रपाळीची.

हे लिहिते आहे तेव्हा होळी होऊन पाच दिवस झाले आहेत. त्या चाळीची गच्ची आज सकाळी घासून धुतली. जिन्यापाशी दोन निळी पिंपं ठेवली आहेत, त्यांत चुनकळी अजून रटरटते आहे, तिच्यावर पोरांचा हात जाऊ नये म्हणून पत्र्याचं झाकण आणि झाकणावर वीट. रात्रपाळी सुटून माणसं आठला येतील, त्यांची झोप मोडायची नाही. तेव्हा उद्या उजाडताच, ऊन चढायच्या आधी, पहिला हात.